दहा दिवस जगलेल्या बाळाबद्दल आपण बोलतच नाही

आमच्या वाचन ग्रुपमध्ये यावेळी श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' होती. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांचे नवरे गोपाळराव यांच्यावरची 1968 ची कादंबरी, त्यामुळे निम्म्या लोकांनी ती कॉलेजात असतानाच वाचलेली, काहींना नुसती गोष्ट माहीत, आणि दोन-तीन तरुण मुली पहिल्यांदाच वाचणाऱ्या. चर्चा अशी रंगली की वेळ संपला तरी कुणी उठेना. पण ती सगळी चर्चा एकाच माणसाभोवती फिरली आणि तो माणूस म्हणजे गोपाळराव. मला जे या पुस्तकाबद्दल मनापासून वाटतं ते दुसरीकडेच आहे, तिथे बोलल्यावर थोडं बोलणं झालं पण पुरेसं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी वाद काय झाला ते सांगते, कारण तोही महत्त्वाचा होता.

ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. सरांचं म्हणणं, 1874 साली नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करताना "हिला मी शिकवणार" अशी अट घालणारा माणूस हा त्या काळातला चमत्कारच आहे, पोस्टातली साधी नोकरी, बदल्यांवर बदल्या, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, आणि जाईल तिथे लोकांच्या शिव्या खाऊन बायकोला शिकवायचं, हा माणूस नसता तर कल्याणच्या जोश्यांच्या यमुनेचं, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंचं, नाव आज कुणाला ठाऊक असतं का. यावर एक मुलगी, आमच्यातली सगळ्यात लहान, एकदम म्हणाली, "सर, पण तिला शिकायचं आहे का हे कुणी विचारलं होतं का? अभ्यास केला नाही म्हणून मारायचं आणि मग ती मोठी झाली की क्रेडिट पण मारणाऱ्यालाच?" सर जरा थांबले. मग म्हणाले, "बाळ, तेव्हा सगळेच मारायचे." आणि तिथून जे सुरू झालं ते झालं.

'तेव्हा सगळेच' हे वाक्य मला पटत नाही आणि ते मी तिथेही सांगितलं. ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपण हे वाक्य फार पटकन वापरतो, जणू काळ म्हणजे एक मोठं गोधडं आहे आणि त्याखाली सगळी माणसं सारखीच दिसतात. तसं नव्हतं ना. त्याच्या एकच वर्ष आधी, 1873 ला, महादेव गोविंद रानड्यांचं दुसरं लग्न झालं, ते 31 वर्षांचे आणि रमाबाई 11 वर्षांच्या. त्यांनीही बायकोला शिकवलं, घरातल्या बायका रमाबाईंना इंग्रजी वाचते म्हणून टोचून खायच्या, ते सगळं त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे, नवऱ्याचा अबोला पण आहे, आणि तो अबोला त्यांना किती लागायचा तेही आहे. म्हणजे धाक होताच, पण तो वेगळ्या जातीचा. त्याच्याही कितीतरी आधी जोतिरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं आणि 1848 मध्ये दोघांनी मिळून पुण्यात मुलींची शाळा काढली. मग एकाच काळात, एकाच भागात, बायकोला शिकवणारे इतके वेगवेगळे नवरे असतील तर 'तेव्हा सगळेच' म्हणून विषय कसा संपवायचा?

आणि त्याच काळात रखमाबाई होती. आनंदीबाईंपेक्षा जेमतेम चार महिन्यांनी मोठी. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावलेलं, पण ती नांदायला गेलीच नाही, आणि 1884 ला दादाजीने कोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्या ताब्यात द्या. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, म्हणाले लहानपणी संमती नसताना झालेल्या लग्नासाठी एका बाईला जबरदस्तीने नांदायला पाठवणं मला जमणार नाही. मग अपील झालं आणि 1887 च्या मार्चमध्ये उलटा निकाल आला, एक तर नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करेन असं सांगितलं. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. आता तारखा बघा, आनंदीबाई गेल्या 26 फेब्रुवारी 1887 ला. म्हणजे एकीने नवऱ्याचं ऐकून डॉक्टरकी मिळवली आणि बाविसाव्या वर्षाच्या आतच पुण्यात क्षयाने गेली, आणि तिच्या मागोमाग, दुसऱ्याच महिन्यात, दुसरीला नवऱ्याकडे जात नाही म्हणून तुरुंगाची धमकी मिळाली. दोघी डॉक्टर. दोघींची लग्नं आईबापांनी, आजोबांनी ठरवलेली. हे शेजारी शेजारी ठेवलं की गोपाळराव हिरो की व्हिलन हा प्रश्न मला फार छोटा वाटायला लागतो.

तरी एक गोष्ट सरांच्या बाजूने सांगायलाच हवी. गोपाळराव हे साधं पात्र नाही आणि जोशींनी त्याला साधं केलेलंही नाही, ही कादंबरीची मोठी ताकद आहे. तऱ्हेवाईक, हट्टी, कधी ख्रिस्ती व्हायला निघालेला तर कधी अमेरिकेत जाऊन अमेरिकेलाच शिव्या घालणारा माणूस. वाचताना त्याचा राग येतो आणि मध्येच त्याची कीवही येते. पण पुस्तक वाचकाला सतत त्याच्याकडे बघायला लावतं. नाव आनंदीचं पहिलं, तरी लक्ष गोपाळाकडे. तरुण मुलींच्या बोलण्यातही तेच होतं बरं का, त्याला शिव्या घालायच्या म्हटलं तरी बोलायचं त्याच्याबद्दलच.

आता मला जे बोलायचंय ते.

आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

आमच्या पूर्ण चर्चेत हे वाक्य एकदाच आलं, तेही कसं, तर "आणि मग बाळ गेलं, त्यातून तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं." बस. शाळेच्या धड्यात पण असंच असतं, वाढदिवसाच्या पोस्टमध्ये पण असंच असतं. बाळ मेलं, म्हणून ती डॉक्टर झाली. वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यात एक मूल मेलंय आणि दुसरं एक मूल ते बघत होतं हे आपल्याला ऐकूच येत नाही. बाळाचं मरण म्हणजे गोष्ट पुढे ढकलायचं एक कारण, चला, आता अमेरिकेला निघा. मला या 'म्हणून'चा खूप राग येतो. कादंबरीतही गोष्टीची ओढ अमेरिकेकडेच आहे, आणि ते समजण्यासारखं आहे, वाचकाला ते पुढचंच हवं असतं. पण आपण वाचक म्हणून तिथे थांबायला काय हरकत आहे?

मी ग्रुपमध्ये एवढंच विचारलं की दहा दिवस म्हणजे काय ते जरा डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे बाळंतिणीला दहा दिवस सोयर असतं, तिला कुणी शिवत नाही, ती एका कोपऱ्यातल्या खोलीत, शेगडी, धुरी, अंधार. अकराव्या-बाराव्या दिवशी न्हाऊन माखून ती बाहेर येते आणि बारशाला बाळाचं नाव ठेवतात. म्हणजे दहा दिवसांचं बाळ हे आईच्या त्या खोलीबाहेर फारसं गेलेलंच नसतं. त्याचं नाव ठेवायची वेळच आलेली नसते. त्याचं सगळं आयुष्य त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या शेजारी गेलं. कुणी त्याला आठवत असेल तर तीच.

हे बोलल्यावर थोडा वेळ कुणी काही म्हणालं नाही, मग ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर काकू बोलायला लागल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आजीची आठ बाळंतपणं झाली, जगली पाच. आम्ही तिला विचारायचो तुला मुलं किती, तर ती आठ म्हणायची. आजोबा पाच म्हणायचे." एवढंच सांगून त्या गप्प बसल्या. मला वाटतं त्या संध्याकाळी या कादंबरीवर कुणी काही खरं बोललं असेल तर ते काकूच. सरसुद्धा मान हलवत होते.

आमच्यातली एक मैत्रीण गायनॅक आहे. तिला मी विचारलं की चौदाव्या वर्षी बाळंतपण म्हणजे शरीराच्या दृष्टीने काय. ती अगदी सरळ बोलली, आडपडदा नाही. मुलीची स्वतःचीच वाढ चाललेली असते, कंबरेचं हाड पूर्ण रुंदावलेलं नसतं, त्यामुळे बाळ अडतं, तासन् तास, कधी दिवस दिवस. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका जास्त, आणि बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी होण्याची शक्यता जास्त. हे सगळं आजच्या हॉस्पिटलमध्येही खरं आहे. आणि तेव्हा? नाळ कापायला जे हाताशी असेल ते, त्यातून धनुर्वात व्हायचा आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळं जायची, लोक त्याला सटवीचा फेरा म्हणायचे. हात धुवून बाळंतपण करा म्हणजे बायका मरणार नाहीत हे झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने व्हिएन्नात 1847 मध्ये दाखवून दिलं होतं, पण युरोपातल्याच डॉक्टरांनी त्याला कित्येक वर्षं हसण्यावारी नेलं, मग कल्याणच्या वाड्यातली सुईण कुठून धुणार हात. मैत्रीण म्हणाली, माझ्याकडे आजही सतरा वर्षांच्या येतात, बरोबर सासू असते, आणि वय विचारलं की मुलगी सासूकडे बघते.

मला हे सगळं एवढं खोलात का जायचं होतं, तर कादंबरीतल्या लग्नाबद्दल आपण तास-तास भांडतो आणि आईपण मात्र आपल्याला समजलेलंच आहे असं धरून चालतो. आई झाली, बाळ गेलं, वाईट झालं. पण आनंदीबाईंची गोष्ट नीट वाचली, आणि कादंबरीच्या बाहेर जाऊन त्यांची पत्रं वाचली, तर तिथे आईपण ठिकठिकाणी आहे, आणि ते गोड अजिबात नाही.

त्यांची स्वतःची आई बघा. पत्रांत त्यांनी लिहिलंय की आई माझ्याशी कधी प्रेमाने बोलली नाही, आणि शिक्षा करायची तर दोरीवर भागायचं नाही, दगड, काठ्या, पेटते निखारे. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे नवऱ्याचा मार सुरू व्हायच्या आधीच आईचा मार चालू होता. आमच्या ग्रुपमधल्या तरुण मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला, म्हणाली, "मग ती नवऱ्याकडे आली तेव्हा तिला ते वेगळं वाटलंच नसेल." अगदी मुद्द्याचं बोलली. आपण 'पुरुषप्रधान' म्हणून सगळं नवऱ्याच्या खात्यावर टाकतो, पण ज्या घरात मुलगी नऊ वर्षांची झाली तरी उजवली नाही म्हणून आईची झोप उडते, त्या घरातली आई ही भीती कुणावर काढणार? मुलीवरच. आईला माफ करा असं मी म्हणत नाही, निखारे ते निखारेच. पण ती पण कुणाची तरी आठ-नऊ वर्षांची नवरी होती, हे विसरून चालणार नाही.

मग दुसरी आई. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणाबद्दल पत्र लिहिलं होतं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं, आणि या बाईंनी ते वाचलं दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना. तिथून पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. 1883 च्या जूनमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला न्यायला याच आल्या होत्या. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांची रक्षा याच मावशीकडे पाठवली, आणि तिने ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांच्या जागेत ठेवली. जन्म दिलेली आई एक, आणि शेवटी सांभाळणारी ही. कादंबरी वाचताना मला सगळ्यात जास्त भरून येतं ते मावशीच्या भागाला. एका परक्या बाईने पत्रातून दुसरीला मुलगी मानलं, आणि ते शेवटपर्यंत निभावलं.

आणि आईपणाची तिसरी बाजू, जी कादंबरीच्या बाहेर आहे पण त्याच वर्षांतली आहे, ती सरांनीच काढली, त्याबद्दल त्यांचे आभार. ते म्हणाले, ज्या समाजात चौदा वर्षांच्या सवाष्णीच्या बाळंतपणाला सगळे नटतात-थटतात त्याच समाजात विधवेला दिवस गेले तर काय व्हायचं? 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, तिने आपलं मूल मारलं म्हणून फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांत बाया कशा बिघडल्यात यावर लेख यायला लागले आणि त्या संतापात बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 ला 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं आधी, 1863 ला, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, विधवांनी यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं असेल तर ठेवून जावं. त्यातल्याच एका बाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला. सर म्हणाले, "लग्न असेल तर चौदाव्या वर्षी आई हो, लग्न नसेल तर पंचविसाव्या वर्षी पण होऊ नको. आईपण हे बाईचं नव्हतंच, ते लग्नाचं होतं." मी त्यांना म्हटलं, सर, हे तुम्ही सुरुवातीलाच का नाही बोललात.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण ग्रुपमधल्या दोघींना वाटत होतं की पुढे कायदे आले आणि हे थांबलं. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला, टिळकांपासून कितीतरी लोकांनी त्याला जोरदार विरोध केला, आणि त्या कायद्याने केलं काय, तर शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. म्हणजे आनंदीबाई त्या कायद्यानंतर जन्मल्या असत्या तरी चौदाव्या वर्षीचं त्यांचं बाळंतपण कायद्यात बसलं असतं. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. अठरा व्हायला 1978 उजाडावं लागलं. आणि अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टाने म्हटलं 2017 मध्ये. 2017! आत्ताआत्ताची गोष्ट आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी देशात 23.3 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत, महाराष्ट्रात 21.9 टक्के. पाचातली एक. त्यामुळे ही कादंबरी 'ऐतिहासिक' आहे असं म्हणताना माझी जीभ अडते. गायनॅक मैत्रीण तर म्हणालीच, तुमच्यासाठी इतिहास, माझ्यासाठी सोमवारची ओपीडी.

आता परत त्या वादाकडे, कारण त्याचं उत्तर आनंदीबाईंनी स्वतःच देऊन ठेवलंय आणि आम्ही सगळे ते न वाचता भांडत होतो. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, काशीबाई म्हणजे त्याच काळातली बाई, त्यांचंही लग्न तसंच लहानपणी झालेलं, आणि अभ्यासक मीरा कोसंबींनी आनंदीबाईंच्या पत्रांवर खूप मोलाचं काम केलंय. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात त्या मोजून सांगतात, दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत, चौदाव्या वर्षी आणखी काय काय शिक्षा केल्यात. आणि मग म्हणतात की तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, मला विचाराल तर दोन्ही. ज्या हेतूने केलंत तो बघितला तर बरोबर, पण एका लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो हे बघितलं तर चूकच.

हा आशय मी माझ्या शब्दांत सांगितलाय. पण विचार करा, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, घरापासून हजारो मैल लांब, तब्येत ढासळलेली, आणि ती नवऱ्याला हे लिहितेय. उपकार मानून गप्प बसत नाही, आणि तुम्ही माझं वाटोळं केलंत असंही म्हणत नाही. आमच्या ग्रुपमधले दोन्ही गट तिने एका पत्रात बसवले. आणि चौदावं वर्ष! त्या यादीत चौदावं वर्ष आहे. तेच वर्ष ज्या वर्षी मूल झालं आणि गेलं. ते वाचल्यापासून मला 'बाळ गेलं म्हणून डॉक्टर झाली' हे वाक्य अजिबातच सहन होत नाही. त्या एका वर्षात एवढं सगळं एका मुलीच्या अंगावर आलं होतं, आणि आपण त्यातून एक स्फूर्तिदायक ओळ काढली.

बरं, सगळ्यांसमोर तिने स्वतः काय कारण दिलं होतं? 24 फेब्रुवारी 1883 ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या हॉलमध्ये तिने इंग्रजीत भाषण केलं, मी अमेरिकेला का जाते यावर. त्यात ती सांगते की हिंदुस्थानात हिंदू बाई डॉक्टरांची फार गरज आहे आणि मला ती गरज भागवायची आहे. रस्त्यातून चालताना लोक कसे हसतात, काय काय बोलतात तेही सांगते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं म्हणते. म्हणजे तिने बाकीच्या बायकांची गरज पुढे केली. स्वतःचं दुःख लोकांपुढे मांडून त्यावर परवानगी मागितली नाही. मला यात तिचा मोठा स्वाभिमान दिसतो. आपण तिच्या वतीने ते बाळ पुढे करतो.

मात्र एका जागी ते बाळ मला दिसतं, आणि हे माझं वाचन आहे, कुणाला पटेल न पटेल. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शेवटी प्रबंध लिहायचा असतो, विषय आपण निवडायचा. क्षय निवडता आला असता, देवी, कॉलरा, ताप, काहीही, आपल्याकडे रोगांना काय तोटा. तिने निवडला प्रसूतिशास्त्राचा विषय, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. गर्भिणी, बाळंतीण आणि तान्हं मूल यांच्याबद्दल आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे यावर. 11 मार्च 1886 ला तिला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. जिचं दहा दिवसांचं मूल अशाच एका बाळंतखोलीत गेलं तिने सातासमुद्रापार जाऊन त्या खोलीवरच अभ्यास केला. ती त्याबद्दल रडून बोलली नसेल, पण तिने पाठ फिरवली नाही. कादंबरीवरच्या चर्चेत मला हा प्रबंध हवा होता, पदवीच्या कौतुकापेक्षा जास्त.

सरांचं मत बदललंय असं मी म्हणणार नाही, गोपाळरावांशिवाय आनंदी नाही हे ते अजूनही म्हणतात, आणि तरुण मुलगी अजूनही म्हणते की त्याच्याशिवाय ती कदाचित जगली तरी असती. दोघांनाही मी पत्राचा तो भाग पाठवला. सरांचा लगेच मेसेज आला की पूर्ण पत्र कुठे मिळेल, अर्धवट वाचून मी मत देणार नाही. तिचा आला की खुर्ची फेकणं आणि 'हेतू बरोबर' हे एकाच माणसाबद्दल लिहायला किती वेळ लागला असेल तिला. आता पुढच्या वेळी काशीबाईंचं चरित्र घ्यायचं ठरतंय, एका बाईने लिहिलेलं, त्याच काळात राहून लिहिलेलं. काकूंनी मात्र आधीच सांगून ठेवलंय की यावेळी बाळंतपणाच्या पानापासून सुरू करू, गोपाळरावांचं काय ते नंतर बघू.